अकरा मजली कार्यालयाला काचेची भिंत कोणती: युनिटाइज्ड की सेमी-युनिटाइज्ड?

कोनमापक (वास्तुरचनाकार):
मुंबईत साकीनाक्याजवळच्या एका अकरा मजली कार्यालयीन इमारतीसाठी आमच्याकडे दोन प्रस्ताव आले आहेत. सेमी-युनिटाइज्ड पद्धतीत अॅल्युमिनियमचे मलियन (उभे दांडे) आणि ट्रान्सम (आडवे दांडे) जागेवर उभारतात, कारखान्यात चौकटीला चिकटवलेली काच त्यावर बसवतात आणि मधल्या सांध्यांत बाहेरून सीलंट, म्हणजे पाणी अडवणारे लवचिक लुकण, भरतात. युनिटाइज्ड पद्धतीत मजलाभर उंचीचे पॅनेल काचेसकट कारखान्यातच तयार होते आणि स्लॅबच्या कडेवरच्या ब्रॅकेटला टांगले जाते. मालकांचा कल पहिल्या, स्वस्त प्रस्तावाकडे आहे. माझा ठामपणे दुसऱ्याकडे.

सेमी-युनिटाइज्डमध्ये पाणी अडवण्याची जवळजवळ सगळी भिस्त सीलंटच्या एका रेघेवर असते, आणि ती रेघ कोणीतरी गच्चीवरून सोडलेल्या झुल्यावर उभे राहून, धुळीत, घाईघाईने ओढलेली असते. युनिटाइज्डमध्ये शेजारच्या पॅनेलांचे मलियन एकमेकांत अडकतात, गॅस्केटच्या (रबरी पट्ट्यांच्या) एकाहून अधिक रांगा असतात आणि आतल्या पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळता ठेवलेला असल्यामुळे वारा पाणी आत ढकलू शकत नाही. तरीही जे शिरते ते मजल्याच्या आडव्या सांध्यातून बाहेर निघून जाते. इमारतींवरील भारांच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. जुलैतला आडवा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याने एका रेघेवर विसंबू नये.

परांची (दर्शनी कामांचे कंत्राटदार):
तत्त्व मान्य आहे, पण ते कागदावरच्या सरळ स्लॅबला लागू पडते. आपल्याकडे स्लॅबची कड मजल्यामजल्याला दोन-तीन सेंटीमीटर आत-बाहेर असणे नवल नाही. ब्रॅकेटला तिन्ही दिशांनी सरकवण्याची सोय असते खरी, पण तिलाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की काँक्रीट फोडायच्या यंत्राने स्लॅब छिलत बसावे लागते. मलियन जागेवर उभारताना ओळंबा धरून हाच फरक रोजच्या रोज निस्तरता येतो. शिवाय युनिटाइज्डचे पॅनेल एकापाठोपाठ एक अडकत जातात. मालवाहू लिफ्ट ज्या बाजूला उभी असेल तिथली रांग अडकून राहते आणि शेवटचे पॅनेल बसवणे हे वेगळेच दुखणे होते. चाळीस मजल्यांच्या मनोऱ्याला हा खटाटोप परवडतो, कारण वेळ वाचतो. अकरा मजल्यांना अॅल्युमिनियमच्या दांड्यांचे खास साचे पाडून घेण्याचा खर्च कशावर वसूल करणार?

आणखी एक. ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जा बचत संहितेच्या सरळ निकषानुसार आपल्या उष्ण-दमट हवामानात काचेचा सौर उष्णता गुणांक (उन्हाच्या उष्णतेचा आत येणारा हिस्सा), उत्तरेकडचा अपवाद सोडल्यास, ०.२७ च्या वर नसावा आणि खिडक्यांचे प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच असावे. चौकटीची पद्धत कोणतीही निवडा, ऊन अडवते ती काच आणि तिच्यावरचा लेप. पैसे पॅनेलांत घालून काच साधी घेतलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. त्यांत वातानुकूलनाचे बिल भाडेकरूच भरत राहतो.

कोनमापक:
काचेत काटकसर करा असे मी म्हटलेले नाही. स्लॅबच्या कडेचा मुद्दा मात्र उलटा माझ्याच बाजूचा आहे: मोजमाप आधी घ्या, ब्रॅकेट अडकवायच्या धातूच्या खाचपट्ट्या (अँकर चॅनेल) स्लॅबच्या ओतकामातच बसवा, म्हणजे छिलण्याची वेळ येणार नाही. ओळंब्याने रोज निस्तरायचे म्हणजे प्रत्येक सांध्याची रुंदी वेगळी, आणि रुंदी वेगळी म्हणजे सीलंटची जाडीही वेगळी. दोन वर्षांनी नेमका तिथेच ते सुटते.

गच्चीवरून (इमारत देखभाल):
आपण दोघेही उभारणीबद्दल बोलत आहात. पंधराव्या वर्षी काय होते, ते सांगतो. कडक केलेली काच कधीकधी कोणी हात न लावता फुटते. निकेल सल्फाइडचा बारीक कण त्याला कारण असतो. काच भट्टीत तापवून ठेवण्याच्या हीट सोक चाचणीने अशा बऱ्याच काचा कारखान्यातच फुटून बाहेर पडतात, तरी सगळ्या नाही. सेमी-युनिटाइज्डमध्ये अशा वेळी सभोवतालचे सीलंट कापायचे, क्लिपा सोडवायच्या आणि तयार चौकटीसह नवी काच बसवायची. युनिटाइज्डमध्ये अडकलेले पॅनेल बाहेर निघत नाही. मग काच झुल्यावरूनच नव्याने चिकटवायची आणि सिलिकॉन पक्के होईपर्यंत तात्पुरत्या पकडींनी धरून ठेवायची. म्हणजे जे काम धुळीत नको म्हणून जास्त पैसे मोजले, तेच काम धुळीत करावे लागते, तेही खाली माणसे ये-जा करत असताना.

कोनमापक:
हा आक्षेप खरा आहे. त्याला उपाय म्हणजे पॅनेलातली काच सुटी काढता येईल अशा उपचौकटीत बसवून घेणे. दर वाढतो, पण निविदेत ते आताच लिहिता येते.

परांची:
लिहाच, आणि दर आला की मालकांना दाखवा. मग पाहू.

गच्चीवरून:
निविदा लिहिणारच असाल, तर स्लॅब आणि काच यांच्यातली फट स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या भरावाने बंद करणे आणि अग्निशमन दलासाठी उघडणारी तावदाने हेही त्यात असू द्या. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ मध्ये दोन्ही आहेत आणि दोन्ही पद्धतींना लागू आहेत. पद्धत कोणतीही ठरो, प्रत्येक मापाच्या दोन जादा काचा तळघरात ठेवायला लावा आणि अॅल्युमिनियमच्या साच्यांची मालकी इमारतीच्या नावे करून घ्या. दहा वर्षांनी त्याच लेपाची काच आणि तोच मलियन बाजारात मिळत नाही.