आर्थिक निर्बंधांची शिक्षा राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचते का?

धागाकर्ता: एखाद्या राजवटीने आगळीक केली की 'युद्ध नको, निर्बंध लावा' असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. इराकचं बघा. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झालं आणि चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकचा जवळपास सगळा व्यापार तोडला. कुवेत १९९१ मध्ये मोकळं झालं, निर्बंध मात्र २००३ पर्यंत राहिले. १९९१ च्या युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत वीजकेंद्रं मोडलेली, त्यामुळे जलशुद्धीकरण अडलेलं, आणि सुटे भाग मागवायचे तर निर्बंध समितीची परवानगी हवी. एवढं होऊनही सद्दाम हुसेन जागचे हलले नाहीत. उलट सरकारी रेशनवर जगणारी जनता आणखीच त्यांच्या मुठीत गेली. संयुक्त राष्ट्रांचे तिथले समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ पद सोडलं. आतून पाहणारी माणसं होती ती.

प्रतिसाद १: सद्दाम यांना इतकं सहज सोडू नका. तेल विकून अन्न-औषधं घेण्याची मुभा १९९१ च्या ठराव ७०६ मध्येच देऊ केली होती. ती त्यांनी धुडकावली. 'अन्नासाठी तेल' योजना प्रत्यक्षात यायला डिसेंबर १९९६ उजाडला. मधल्या काळातल्या हालांचा दोष फक्त न्यूयॉर्कमधल्या सुरक्षा परिषदेच्या माथी कसा मारता?

आणि दक्षिण आफ्रिकेचं काय? तिथे निर्बंधांची मागणी खुद्द वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने केली होती. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. वर्णद्वेषी राजवट त्या दबावाखाली वाकली.

प्रतिसाद २: निर्बंध नकोत, युद्धही नको. मग आक्रमकाला रोखायचं कशाने? निषेधाच्या खलित्याने?

धागाकर्ता: @प्रतिसाद १, दक्षिण आफ्रिकेत झळ ज्या गोऱ्यांना लागली, त्यांच्याच हातात मत होतं. १९९२ च्या सार्वमतात त्यांनी सुधारणांना कौल दिला. इराकात झळ लागली ती मत नसलेल्यांना. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, ठराव ६६१ ला मुदतच नव्हती. त्यामुळे तो उठवायला नवा ठराव हवा, आणि तो नकाराधिकार असलेल्या पाच कायम सदस्यांपैकी एकाने अडवला की संपलं. म्हणजे नकाराधिकार उलटा चालतो! नियम तोडणारा बडा असेल तर काहीच होत नाही. २००३ मध्ये परिषदेच्या मंजुरीविना इराकवर चढाई झाली. कोणी अमेरिकेचा व्यापार तोडला?

प्रतिसाद १: नाही तोडला, आणि तो अन्यायच. पण बडे सुटतात म्हणून छोट्या हुकूमशहांनाही सोडायचं का? इराकच्या अनुभवानंतर परिषद सरसकट व्यापारबंदीपासून दूर गेली. आता भर शस्त्रबंदी, प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्यावर असतो. डिसेंबर २०२२ च्या ठराव २६६४ ने मदतकार्यासाठी सूटही दिली.

प्रतिसाद ३: ते झालं परिषदेपुरतं. क्यूबावरचे निर्बंध अमेरिकेचे एकटीचे आहेत. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांची आमसभा त्यांच्या विरोधात मत देत आली, तरी ते हटले नाहीत. @प्रतिसाद १, तिथे दाद कोणाकडे मागायची, ते सांगा.