‘चालत गेली’ऐवजी काय लिहू?

कोळशेतची नात
सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी आजीवर लिहितेय. ती कोळशेतहून जांभळी नाक्याच्या बाजारात सुकी मासळी विकायला चालत जायची. एका पानात ‘चालत गेली’ नऊ वेळा आलंय. ‘मार्गक्रमण केले’ लिहून पाहिलं, पण त्यात माझी आजी दिसेना. डोक्यावर चुंबळ, त्यावर बोंबलांची पाटी, एक हात पाटीला, दुसऱ्यात साडीचा ओचा. अशा बाईला कुठला शब्द शोभेल?

बाळकुमकर
मार्गस्थ होणे, वाटचाल करणे, कूच करणे, मजल दरमजल करत जाणे. हवा तो घ्या.

मुद्रितशोधक, नौपाडा
हवा तो नका घेऊ, ताई. ‘मार्गस्थ होणे’ म्हणजे नुसतं निघणं, पुढची वाट त्यात येत नाही. कूच फौज करते. ‘मजल’ म्हणजे मुळात एका दिवसाची चाल, तिथे मुक्काम आला. आजी तर त्याच दिवशी घरी परतत असणार.

मी ‘वाट तुडवणे’ घेईन. त्यात रोजचं जाणं आहे. एकदाच गेलेला माणूस वाट तुडवत नाही. उशीर झाला त्या दिवशी ‘पाय उचलला’, परतताना थकली तर ‘पाय ओढत आली’. व्याकरण मात्र सांभाळा: ‘आजी चालली’, पण ‘आजीने वाट तुडवली’. शिवाय नुसतं ‘आजी चालली’ म्हटलं की ‘निघाली’ असाही अर्थ होतो. शेजारीण दारातून ‘चाललीस का गं?’ विचारते, ती निघण्याबद्दलच.

नवांतले तीन-चार ‘चालत गेली’ राहू द्यात. साधा शब्द आहे, खुपत नाही.

कळव्याची मावशी
माझी आई म्हणायची, ‘बोलता बोलता वाट सरली.’ आजी एकटी जायची का गं? बायका सहसा सोबतीने जायच्या.

कोळशेतची नात
नाही मावशी, चौघी असायच्या! हे मी लिहायचंच विसरले होते. आता असं केलंय: ‘अंधारातच चौघी निघायच्या. सगळ्यांत पुढे आजी. कापूरबावडी मागे पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, मग एकीने विषय काढला की जांभळी नाक्यापर्यंतची वाट कधी सरली ते कळायचं नाही.’ ‘तुडवली’ पावसाळ्याच्या परिच्छेदात घातलंय, तिथे चिखल आहे.

मुद्रितशोधक, नौपाडा
‘सगळ्यांत पुढे आजी’ला क्रियापद लावू नका. तसंच छापा.