बचाव रद्द झाल्यावर भाडेकरूला उलटतपासणी घेता येते का?

खोली नं. ७
भाड्याची रक्कम कोर्टात न भरल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १५-अ खाली प्रतिवादीचा, म्हणजे भाडेकरूचा, बचाव रद्द झालाय. लेखी कैफियत (दाव्याला भाडेकरूचं उत्तर) आधीच दाखल आहे. मालकाचं सरतपासणीचं (त्याच्या स्वतःच्या साक्षीचं) शपथपत्र आलं, पुढची तारीख उलटतपासणीची. मालकाचे वकील म्हणतात, आता भाडेकरूला तोंड उघडायचाच हक्क नाही. खरंय?

दिवाणी बाजू
अजिबात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली मॉड्युला इंडिया प्रकरणात हे स्पष्ट केलंय. बचाव गेला तरी वादीला दावा शाबीत करावाच लागतो. त्यामुळे मालकाच्या साक्षीदारांची उलटतपासणी आणि शेवटचा युक्तिवाद, दोन्ही शाबूत राहतात. स्वतःची साक्ष आणि स्वतःचे साक्षीदार मात्र गेले. उलटतपासणीही मालकाच्या म्हणण्यातला खोटेपणा किंवा कच्चे दुवे दाखवण्यापुरतीच. कैफियतीतली हकीकत साक्षीदाराच्या तोंडून वदवून घ्यायला गेलात की हरकत आलीच.

निशाणी ३१
दावा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली थकबाकीचा असेल तर पहिला नेम नोटिशीवर धरा. कलम १५(२) नुसार मागणीची नोटीस बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय असा दावा लावता येत नाही. पोचपावती साक्षीदारापुढे ठेवा: ही सही कोणाची? पत्ता कोणता? तारीख कोणती? मग दावा दाखल केल्याची तारीख विचारा.

मालकाने स्वतःची गरज सांगितली असेल, तर त्याच्या ताब्यात आणखी कोणत्या जागा आहेत, त्यातली कोणती कधीपासून रिकामी, हे खोदून विचारा. जागा गेल्याने मालकापेक्षा भाडेकरूला होणारा जास्त त्रास मात्र स्वतःच्या साक्षीने मांडता येणार नाही. बचाव जाण्यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

खोली नं. ७
जुन्या भाडेपावत्या दाखवल्या तर चालतील?

दिवाणी बाजू
मालकाच्या सहीची पावती त्यालाच दाखवायची परवानगी मागा. सही कबूल केली तर लगेच निशाणी (पुराव्यातला क्रमांक) मागा. नाकारली तर तिथेच थांबा, कारण ती शाबीत करायला तुम्हाला साक्षीदार आणता येत नाही.

आणि आधी रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची तारीखवार नोंद) वाचा. बचाव रद्द करण्यापूर्वी प्रतिवादीला किंवा त्याच्या वकिलांना कारणे दाखवा नोटीस देणं आदेश १५-अ मध्येच सांगितलंय. ती दिली नसेल तर तो आदेश संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात आव्हान देण्याजोगा आहे. आत्ता आव्हान दिलं नाही तरी हुकूमनाम्यावरच्या (दाव्याच्या अंतिम निकालावरच्या) अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ चा आधार घेऊन तो मुद्दा काढता येतो.

निशाणी ३१
साक्षीच्या तारखेला गैरहजर राहू नका. 'उलटतपासणी नाही' असा शेरा पडला की तो उठवायला वेगळा अर्ज, आणि बहुधा खर्चही.