सीटी डोसची सामायिक रजिस्ट्री: दर्जा सुधारतो की नुसता आकडा?

स्लाइस_पाच_मिमी
आधीच सांगून टाकतो, मी सक्तीच्या बाजूने आहे. सीटी मशीन असलेल्या प्रत्येक केंद्राने डोसचे, म्हणजे रुग्णाला दिलेल्या किरणांच्या मात्रेचे, आकडे सामायिक रजिस्ट्रीला पाठवलेच पाहिजेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची डोस इंडेक्स रजिस्ट्री 2011 पासून हे काम करते. मशीन तपासणीनंतर डोसचा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाणित फाइल-स्वरूप) रिपोर्ट बनवतं, त्यातले सीटीडीआय-व्हॉल (स्कॅनमधल्या डोसची तीव्रता, मिलिग्रेमध्ये) आणि डीएलपी (स्कॅनच्या पूर्ण लांबीचा एकूण डोस) रुग्णाची ओळख पुसून पुढे जातात, आणि आपला मध्यक (मधला आकडा) इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे केंद्राला कळतं. पोटाच्या सीटीला 22 मिलिग्रे जास्त की ठीक, हे एकट्या मशीनकडे बघून कसं ठरवणार? मशीन बसवताना कंपनीच्या माणसाने भरलेला प्रोटोकॉल (तपासणीच्या सेटिंग्ज) वर्षानुवर्षं तसाच चालतो, कारण प्रतिमा सुरेख येते आणि सुरेख प्रतिमेची तक्रार कोणी करत नाही.

नॉइज_फ्लोअर
ही रजिस्ट्री डोस मोजते, प्रतिमा नाही. बाकी काही न बदलता डोस निम्मा केला की नॉइज (प्रतिमेतला दाणेदारपणा) साधारण 1.4 पट होतो. हाडं, फुप्फुसं तरीही छान दिसतात. पहिला बुडतो तो यकृतातला बारीक, फिकट डाग. रजिस्ट्रीला त्याचा पत्ताच नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रतिमा वाचण्यालायक नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा केली, तर दोन्ही वेळचा सीटीडीआय कमीच. रुग्णाला दोनदा किरणं, आणि केंद्राच्या खात्यावर दोन ‘उत्तम’ नोंदी!

स्लाइस_पाच_मिमी
त्याच दिवशी, त्याच तपासणी क्रमांकाखाली पुन्हा केलं तर एकूण डीएलपी फुगतो आणि सीरिजची (स्कॅनच्या फेऱ्यांची) संख्या वाढते, म्हणजे सापडतं. नवा क्रमांक दिला तर निसटतं, हे मान्य. पण कमीत कमी डोस हे ध्येय कोणी ठेवलं? आयसीआरपीच्या (किरणांपासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) 2017 च्या 135 व्या अहवालात स्पष्ट आहे: केंद्रांच्या मध्यकांचा 75 वा शतमक (ज्याच्या खाली 75 टक्के केंद्रं येतात तो आकडा) ही चौकशी सुरू करण्याची रेघ, मर्यादा नव्हे, आणि एकट्या रुग्णाला ती लावायची नाही. उलट केंद्र सगळ्यांच्या मध्यकाच्या खाली असेल तर आधी प्रतिमेचा दर्जा बघा, असंच त्यात म्हटलंय.

मॅपिंगवाली
तत्त्वाचा वाद चालू द्या, खरं पाणी मुरतं ते नावांत. डोक्याच्या त्याच साध्या सीटीला एकीकडे ‘ब्रेन प्लेन’, दुसरीकडे ‘हेड एनसी’, तिसरीकडे ‘सीटी हेड रूटीन’. सगळी एका प्रमाणित नावाला जोडली नाहीत तर सायनसचा कमी डोसचा स्कॅन डोक्याच्या खात्यात शिरतो आणि केंद्राचा मध्यक उगाच खाली येतो.

दुसरी गोम फँटमची, म्हणजे ज्या प्रमाणित प्लॅस्टिकच्या नळकांड्याच्या हिशोबाने मशीन डोस दाखवतं त्याच्या व्यासाची. डोक्यासाठी 16 सेमी, धडासाठी 32 सेमी. लहान मुलांच्या पोटाला मात्र काही मशीनं 16 धरतात, काही 32. स्कॅन तोच, पण 16 सेमीवरचा आकडा जवळपास दुप्पट दिसतो. डायकॉम रिपोर्टमध्ये फँटमचा रकाना असतो, तो वाचून वेगळे गट करायचे. जुनी मशीनं असा रिपोर्ट न देता डोसच्या पानाचं चित्रच पाठवतात. तिथे आकडे चित्रातून वाचून घ्यावे लागतात, आणि रुग्णाचं नाव चित्रातच छापलेलं असतं! फाइलच्या हेडरमधली माहिती साफ करून भागत नाही, तो पट्टा काळा करावा लागतो.

म्हणून सक्तीला माझा विरोध. मॅपिंग करणारा माणूस नसलेल्या केंद्राकडून सक्तीने येईल तो कचरा, आणि त्याने सगळ्यांचाच शतमक बिघडेल.

आयसोसेंटर
आकडा जास्त आला की प्रोटोकॉलवर खापर फुटतं. आधी रुग्ण टेबलावर कसा ठेवलाय ते बघा. टेबल खाली राहिलं आणि स्काऊट (स्कॅनआधीचा आखणीचा साधा फोटो) ट्यूब, म्हणजे किरणं सोडणारी नळी, वर ठेवून घेतला, तर रुग्ण ट्यूबपासून लांब जातो, सावली लहान पडते. सावलीवरून ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या मशीनला तो बारीक वाटतो आणि करंट कमी पडून नॉइज वाढतो. तेच टेबल खाली, पण ट्यूबही खाली असेल, तर सावली मोठी आणि डोस जास्त. चूक एकच, रजिस्ट्रीत दिसणार दोन टोकांना. पोटाच्या स्कॅनला हात खाली राहिले तरी डोस चढतो. स्काऊट बघूनच हे कळतं, शतमक बघून नाही.

नॉइज_फ्लोअर
म्हणूनच म्हणतो, मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) रजिस्ट्री बरी. तिथे शंका आल्याने पुढच्या तपासणीला परत बोलावण्याचं प्रमाण बायोप्सीच्या निकालाशी जोडलेलं असतं, म्हणजे निदान बरोबर आलं का ते मोजलं जातं.

मॅपिंगवाली
बायोप्सी दुसऱ्या रुग्णालयात झाली की तो निकाल येतो कुठे? नोंद अर्धवट राहते आणि कॅन्सर सापडण्याचा दर प्रत्यक्षात कमी नसूनही कमी दिसतो. शिवाय हजारी 5 कॅन्सर धरले तर वर्षाला 500 मॅमोग्राम वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या वाट्याला दोन-तीनच येणार. एका वर्षी शून्य, पुढच्या वर्षी पाच, हे निव्वळ योगायोगानेही होतं. अशा आकड्यावर वैयक्तिक क्रमवारी लावणं शुद्ध अन्याय आहे.

स्लाइस_पाच_मिमी
क्रमवारी नकोच, ती मी मागितलीही नाही. मॅपिंगचा मुद्दा पटला: सक्ती करायची तर आधी डोकं, छाती आणि पोट एवढ्या तीनच तपासण्यांची, फक्त प्रौढांची, आणि फँटमचा रकाना रिकामा असेल ती नोंद दारातच परत.

आयसोसेंटर
आणि सोबत स्काऊटही. नाहीतर पुन्हा प्रोटोकॉलच बदलत बसाल.