अनुभव धागा : ऑनलाइन समुपदेशन – बसायचं कुठे, विचारायचं काय

चिंता, स्वतःबद्दलचा कमीपणा, बदली-लग्न-निवृत्तीनंतरची घालमेल यासाठी नाशकातून व्हिडिओवर समुपदेशन घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी लिहावं. "जरूर घ्या, फरक पडतो" एवढंच नको. नेमकं काय अडतं ते लिहा. कुणाची नावं-नंबर देऊ नका.

पाथर्डी_फाटा
पहिली अडचण जागेची. सिडकोतल्या रो-हाऊसची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, दार लावून भागत नाही. इअरफोन घातला की समोरच्याचा आवाज झाकला जातो, आपला नाही. उलट आपण जास्तच मोठ्यानं बोलतो. दाराबाहेर रेडिओ लावून ठेवा. इअरफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथ कधी हॉलमधल्या टीव्हीला जाऊन चिकटेल सांगता येत नाही. घरात जमतच नसेल तर उभी गाडी: सावलीत, काचा दोन बोटं उघड्या, फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवलेला. हातात धरला की दहा मिनिटांत मनगट भरतं आणि लक्ष तिकडेच जातं.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं. रेंज गेली तर फोन कोणी करायचा हे सुरुवातीलाच ठरवा. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही एंगेज लागतो. तेवढ्यात रडू आलेलं जिरून जातं, मग तो धागा परत हाती लागत नाही. आज कुठे बसलात तेही सांगा आणि घरच्या एकाचा नंबर देऊन ठेवा. पुण्यात बसलेल्या माणसाला तुम्ही पंचवटीत आहात की देवळालीत, हे कसं कळणार?

गोदाकाठ
'कौन्सेलर' या पाटीवरून शिक्षण कळत नाही. पदवी सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागितल्यावर राग येत असेल तर दुसरं दार बघा. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लिहितात, समुपदेशक नाही. रेकॉर्डिंग होतं का, आयत्या वेळी रद्द केलं तर फी लागते का, आणि गुप्तता कुठे संपते (जिवाला धोका असेल तर संपते) हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

चहाबाज
चिंता मोजायची जीएडी-७ नावाची प्रश्नावली भरून घेतात. सात प्रश्न, मागचे दोन आठवडे, प्रत्येकी ० ते ३, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हे निदान नव्हे, मोजपट्टी आहे. लोक फक्त कालचा दिवस आठवून भरतात, तिथे आकडा फसतो. आणि छातीत धडधड असेल तर थायरॉइडची तपासणी करा, दिवसाचे चहाही मोजा. आठ कप पिऊन धडधडीचा दोष मनाला देऊ नये.

दुसरी_पाळी
समुपदेशक घरी करायला देतात ते विचार लिहायच्या वहीचं काम बहुतेक जण चुकवतात. रकाने असे: प्रसंग, विचार, भावना (०-१००), पुरावा बाजूचा, पुरावा उलट, दुसरा विचार, परत आकडा. समजा अंबडच्या कंपनीत साहेबांनी ग्रुपवर सगळ्यांच्या मेसेजला अंगठा दिला, एकाला नाही. तो विचाराच्या रकान्यात लिहितो, "वाईट वाटलं." ती भावना झाली. विचार असा: "माझी इथे किंमत नाही." तो सापडला तरच पुरावा तपासता येतो. दुसऱ्या विचाराच्या जागी "मी ग्रेट आहे" लिहिलं तर आकडा हलत नाही, कारण मनाला ते पटलेलंच नसतं. "साहेब तेव्हा प्रॉडक्शन लाइनवर होते, सकाळी माझं काम त्यांनीच पास केलं" हे पटतं. ८० चे ५५ झाले तरी पुष्कळ. आठवड्याचं सगळं शनिवारी रात्री एकदम भरू नका. तोवर प्रसंग विसरलेला असतो, फक्त राग उरलेला असतो.

गोदाकाठ
राहिलंच. १४४१६, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तिथे लावा, नाहीतर ११२, आणि घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून ठेवा.

काळी_मैना
गाडीत बसायचं तर एसी?

पाथर्डी_फाटा
पंख्याचा आवाज माइकमध्ये घुसतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळ मागून घ्या.