शब्दचर्चा: फोटोतलं ‘डल’ आभाळ – निस्तेज, फिकं, धुरकट की पांढरंफटक?

रानवाट
निसर्गफोटोंच्या संपादनावरचे मराठी पाठ लिहिताना एक शब्द सारखा अडतो. ‘डल स्काय एनहान्स करणे’ याचं सरळ भाषांतर ‘निस्तेज आकाश वर्धित करणे’ असं केलेलं दिसतं. ‘वर्धित’ तर कानालाच खटकतो, पण ‘निस्तेज’ही चुकीचा वाटतो. चेहरा निस्तेज होतो, डोळे निस्तेज होतात, कारण त्यांतलं तेज गेलेलं असतं. फोटोतल्या अशा आभाळाची गोष्ट बहुधा उलटी असते. चौकटीतला सगळ्यात उजळ भाग तेच असतं, तेज जास्त झाल्यामुळेच ते बिघडलेलं असतं. मग याला नेमकं काय म्हणावं? आणि ‘एनहान्स’ला काय?

निळाई
निस्तेजबद्दलची तुमची हरकत रास्त आहे. पण त्या जागी दुसरा एकच शब्द बसवू नका. इंग्रजीत ‘डल’ म्हणून जे भागवतात, त्यात निदान चार वेगवेगळ्या अवस्था आहेत. मराठीत चारही अवस्थांना शब्द आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

फिकं: निळं आहे, पण पातळ. फोटोत उजेड थोडा जास्त आला आहे, माहिती मात्र शाबूत आहे.

धुरकट: मधल्या हवेत धूळ, धूर, बाष्प आहे. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या कुठल्याही कड्यावरून दिसतं तसं. लांबच्या रांगा आणि आभाळ एकमेकांत मिसळतात, क्षितिजाची रेघच सापडत नाही. शुद्ध हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुळीचे आणि पाण्याचे कण त्यांच्यापेक्षा मोठे असल्याने सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून निळ्यावर दुधी पडदा येतो.

मळभ: ढगांचं सलग आच्छादन. यात निळा रंग मुळातच नसतो, पण ढगांच्या घड्या असतात. म्हणजे रंग नाही, छटा आहेत.

पांढरंफटक: इथे काहीच उरलेलं नाही. तिन्ही रंगांचे आकडे २५५ वर जाऊन टेकले आहेत.

फिक्या आभाळावरचा उपाय पांढऱ्याफटक आभाळावर केला की राखाडी चिखल होतो. मळभावर निळा रंग चढवला की जांभळट डाग पडतात. म्हणून आधी नाव ठरवा, मग स्लायडरला हात घाला.

कोशवाचक
‘आकाश’ की ‘आभाळ’ हाही मुद्दा इथेच यायला हवा. ‘आभाळ’ हा शब्द संस्कृत ‘अभ्र’वरून आला आहे आणि अभ्र म्हणजे ढग. म्हणून ‘आज आभाळ आलंय’ म्हटलं की ढग आले असं आपण समजतो, ‘आज आकाश आलंय’ असं कुणी म्हणत नाही. ‘निरभ्र’मध्येही तोच अभ्र आहे. ‘निरभ्र आभाळ’ आता रूढ आहे आणि त्याला चूक म्हणू नये, पण पाठ्यलेखनात ‘निरभ्र आकाश’ आणि ‘भरलेलं आभाळ’ हा भेद पाळला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच योग्य चित्र उभं राहतं.

मळभ हे नपुंसकलिंगी नाम आहे: मळभ येतं, दाटतं, हटतं. ‘मळभ आकाश’ अशी विशेषणासारखी जोडणी दिसते, ती टाळावी. ‘मळभाचं आकाश’ किंवा ‘मळभ दाटलेलं आकाश’ म्हणावं. ‘कुंद’ हा शब्द हवेचा आहे, दमट आणि वारा पडलेल्या हवेचा, फोटोतल्या रंगाचा नव्हे. ‘विटका’ही इथे बसत नाही. एके काळी पक्का असलेला रंग उडतो तेव्हा तो विटतो, जसं कापड किंवा जुनी छापील प्रत. आभाळ विटत नाही, फिकं असतं.

रानवाट
‘पांढरंफटक’ एकदम पटलं. हिरवंगार, पिवळंजर्द, निळंशार, काळंकुट्ट या माळेत ‘फटक’च असा की जो रंग भरत नाही, रंग गेल्याचं सांगतो. पण अवस्था ओळखायची कशी? पडद्यावर फिकं आणि पांढरंफटक सारखंच दिसतं.

निळाई
डोळ्यांवर विसंबू नका. लाइटरूम या फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये डेव्हलप विभागात ‘जे’ कळ दाबा, जिथे माहिती संपली तिथे लाल रंग येतो. किंवा ऑल्ट कळ दाबून व्हाइट्सचा स्लायडर धरा. पडदा काळा होतो आणि संपलेला भाग तेवढा उजळ दिसतो: एकच चॅनेल (लाल, हिरवा, निळा यांपैकी एक रंग) संपला असेल तर रंगीत, तिन्ही संपले असतील तर पांढरा. आता हायलाइट्स, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर, उणे १०० करा. लाल भाग नाहीसा होऊन निळसर छटा वर आली, तर ते फिकं होतं. लाल गेला पण जागी सपाट राखाडी आलं, तर ते पांढरंफटकच होतं, फक्त पांढऱ्याचं राखाडी झालं.

हा तपास रॉ फाइलवरच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरच खरा. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लुकलुकणारा इशारा जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तिथे गेलेलं दिसणारं आभाळ रॉमध्ये पुष्कळदा शिल्लक असतं.

अंधारखोली
एका शब्दापाशी सगळ्यांनी जरा थांबून विचार करावा असं वाटतं: ‘जळणे’. ‘आभाळ जळालं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि अर्थ असतो पांढरंफटक झालं. पण फोटोशॉपमधलं ‘बर्न’ हे साधन आभाळ गडद करतं. शिकणारा इथे हमखास गोंधळतो.

कारण अंधाऱ्या खोलीत आहे. निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढताना कागदाला जितका जास्त उजेड मिळेल तितका तो काळा पडतो. सबंध चित्राला २० सेकंद दिले आणि पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त आभाळाला आणखी २० सेकंद दिले, तर आभाळाला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो आणि ते गडद उतरतं. हे ‘बर्न करणं’. उलट हात किंवा पुठ्ठा आड धरून एखादा भाग उजळ ठेवणं म्हणजे ‘डॉज करणं’. डिजिटल सेन्सरवर मात्र जास्त उजेड म्हणजे पांढरं. एकच क्रियापद, दोन उलट टोकं. म्हणून पाठात ‘जळालं’ नकोच. पांढरं होऊन माहिती गेली असेल तर ‘उडालं’ म्हणा, साधनाने गडद केलं तर ‘गडद केलं’ म्हणा.

कोशवाचक
‘उडालं’ चालेल. रंग उडतो, तसं आभाळही उडालं. एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटोला मिळालेल्या उजेडासाठी, छापील पुस्तकांत ‘उद्भासन’ आहे, पण बोलताना कुणी म्हणत नाही. तिथे ‘एक्स्पोजर’च ठेवावं.

आता ‘एनहान्स’. याला ‘खुलवणे’ हे क्रियापद आहे आणि दुसरं काही शोधायची गरज नाही. कळी खुलते, चेहरा खुलतो, रंग खुलतो. मुळात आत असलेलं बाहेर येणं हा त्याचा अर्थ. त्याच्या जोडीला ‘उठाव’: एका रंगामुळे दुसऱ्याला उठाव येतो. ढगांच्या छटांमधला फरक वाढवणं म्हणजे ढगांना उठाव देणं. ‘कॉन्ट्रास्ट’साठी ‘विरोधाभास’ लिहितात ते मात्र साफ चूक आहे, विरोधाभास वाक्यात असतो, ढगात नसतो.

रानवाट
मग ‘मळभातल्या ढगांना उठाव कसा द्यावा’ असं शीर्षक झालं. त्याखाली मजकूर काय यावा?

निळाई
कास पठारावरचा सप्टेंबरमधला फोटो समजा. खाली फुलं, वर सलग ढग. हिस्टोग्रॅममध्ये, म्हणजे उजळपणाच्या आलेखात, आभाळाचे सगळे आकडे साधारण २०० ते २३५ एवढ्या पट्टीत गोळा झालेले असतात, म्हणून डोळ्याला ते सपाट दिसतं. ही पट्टी १५० ते २४० पर्यंत ताणायची, एवढंच काम आहे.

सर्वात आधी सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढा. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, घेतलेल्या फोटोत ते जास्त ठळक असतात आणि पुढची प्रत्येक पायरी त्यांना आणखी काळं करते. मग ‘सिलेक्ट स्काय’ने आभाळाचा मास्क घ्या, म्हणजे बदल फक्त तेवढ्याच भागावर होतील. ही सोय लाइटरूममध्ये २०२१ पासून आहे. त्या मास्कवर एक्स्पोजर उणे ०.३ ते उणे ०.७, हायलाइट्स उणे ४०, डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) अधिक १० ते २०, क्लॅरिटी (छटांमधला फरक वाढवणारा) अधिक १० ते १५. त्यानंतर त्याच मास्कच्या कर्व्हमध्ये (छटांच्या वक्ररेषेत) वरच्या पाव भागात दोन बिंदू घ्या, खालचा किंचित खाली ओढा, वरचा जागेवर ठेवा. रंगाचं तापमान ४-५ अंकांनी निळ्याकडे नेलं तर ढगांना पावसाळी थंडपणा येतो, त्यापुढे ते शाई सांडल्यासारखं दिसतं. सॅच्युरेशनला हात लावू नका. मळभात रंग नसतो, त्यामुळे वाढतात ते फक्त सेन्सरचे किरकोळ रंगदोष.

डार्कटेबल वापरणाऱ्यांना ‘ग्रॅज्युएटेड डेन्सिटी’ आणि ‘हेझ रिमूव्हल’ या मॉड्यूलमधून हेच जमतं, तो प्रोग्रॅम फुकट आहे.

खडूफळा
डीहेझला ‘धुकं काढणे’ म्हणतात, त्याला हरकत घेतो. पहाटेचं दरीतलं धुकं हे बऱ्याच फोटोंचं सौंदर्य असतं, ते काढायचं नसतंच. काढायचा असतो धुरकटपणा. साधन दोन्हींत भेद करत नाही, कमी फरकाचा भाग दिसला की फरक आणि रंग दोन्ही वाढवतं आणि चित्र गडद करतं. म्हणून ते सबंध चित्रावर न लावता लांबच्या रांगा आणि आभाळ यांच्यापुरतं लावावं. अधिक ३० च्या पुढे गेलात तर डोंगर निळे-जांभळे होतात आणि माथ्याला खळं पडतं.

रानवाट
‘खळं’? चंद्राला पडतं ते?

खडूफळा
तेच. ‘हॅलो’साठी ‘तेजोवलय’ वापरतात, पण तेजोवलय देवाच्या मस्तकामागे शोभतं. कड्याच्या कडेने आभाळात उमटलेली ती पांढरी किनार म्हणजे दोष आहे आणि खळं हा शब्द तिला छान बसतो.

ते पडण्याची कारणं दोन. क्लॅरिटी आणि डीहेझ जवळजवळच्या भागांतला फरक वाढवतात, त्यामुळे काळ्या कड्याला लागून असलेलं आभाळ उगीच उजळतं. दुसरं म्हणजे मास्कची कडा कड्यापर्यंत पोचतच नाही, मध्ये काही पिक्सेल मूळ उजळ आभाळ राहून जातं. २०० टक्क्यांवर मोठं करून कडा तपासा. क्लॅरिटी निम्मी करा. झाडांच्या फांद्यांतून आभाळ दिसत असेल तर ब्रशने रंगवत बसू नका. मास्कला ‘ल्युमिनन्स रेंज’ने छेद द्या, म्हणजे फक्त उजळ भाग धरला जातो आणि पानं सुटतात.

सरळ रेषेच्या ग्रेडियंटला ‘उतरती छटा’ म्हणावं. समुद्रकिनाऱ्यावर ती उत्तम चालते, कारण क्षितिज सपाट असतं. सुळका आभाळात घुसला असेल तर त्याचा माथा काळा पडतो. मग छटेतून सुळका वजा करावा लागतो. ‘फेदर’साठी ‘पिसं’ वगैरे नको, ‘कडा विरवणे’ म्हणा.

निळाई
निळ्या आकाशाबद्दल एक भर. फिकं निळं गडद करायला निळ्याचं ल्युमिनन्स (उजळपणा) उणे १५ ते उणे २५ पुरतं. क्षितिजाजवळचा भाग अॅक्वाच्या (हिरवट निळ्याच्या) स्लायडरमध्ये येतो, त्यालाही थोडं खाली घ्या, नाहीतर मध्येच रंगाची पायरी दिसते. उणे ४० च्या पुढे आकाश रवाळ होतं. नॉइजसाठी ‘गोंगाट’ नको, ‘रवा’ म्हणा. त्याच वेळी सलग निळ्यात पट्टेही पडू शकतात, विशेषतः जेपेगवर काम केलं असेल तर, कारण २५६ पायऱ्या ताणल्या की मधल्या फटी दिसू लागतात. रॉ किंवा १६ बिट टिफवर काम करा आणि शेवटी ग्रेन ५ ते १० द्या. बारीक रवा पट्टे मोडतो.

अंधारखोली
पोलरायझर फिल्टर लावून मळभ सुधारत नाही, हेही पाठात स्पष्ट यावं. तो निरभ्र आकाशाला गडद करतो, तेही सूर्यापासून ९० अंशांवरच्या भागात सर्वाधिक. रुंद कोनाच्या लेन्सवर म्हणूनच मध्ये गडद निळा पट्टा आणि दोन्ही बाजू फिक्या असं होतं. तो पट्टा संपादनात सपाट करणं हे फिकं आकाश खुलवण्यापेक्षा कठीण आहे.

रानवाट
राहिला ‘स्काय रिप्लेसमेंट’. हेही ‘आभाळ खुलवणे’त मोडतं का?

कोशवाचक
नाही, आणि इथे शब्दाने पक्कं राहायला हवं. खुलतं ते जे मुळात आहे ते. दुसरीकडचं आभाळ आणलं तर ते ‘बदललेलं’ किंवा ‘जोडलेलं’ आभाळ. ‘डकवलेलं’ही चालेल, पण त्यात थोडी हेटाळणी आहे.

अंधारखोली
हेटाळणीची गरज नाही, प्रथा जुनी आहे. फोटोशॉपमध्ये ही सोय २०२० मध्ये आली, पण १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि आभाळाची वेगळी घेऊन एका कागदावर छापत होता. त्या काळी निगेटिव्हसाठी वापरल्या जाणाऱ्या कोलोडियन काचांना निळा प्रकाश फार लवकर लागायचा, खालचं दृश्य नीट येईपर्यंत वरचं आभाळ उडालेलं असायचं. १९व्या शतकातल्या कितीतरी निसर्गफोटोंत आभाळ कोरं दिसतं ते यामुळे. ‘कोरं’ हा शब्दही यादीत घ्या, कागदाचा पांढरा तसाच राहिला हे त्यातून बरोबर कळतं.

जोडलं असेल तर फोटोखाली ‘आभाळ जोडलेले’ एवढे दोन शब्द लिहावेत.

खडूफळा
जोडताना प्रकाशाची दिशा आधी बघा. खालच्या झाडांच्या सावल्या डावीकडे पडत असतील तर आभाळातला सूर्य उजवीकडेच हवा. मळभात सावल्या पुसट असतात, त्यामुळे मळभाच्या फोटोवर लख्ख सूर्यास्त जोडला की खालची जमीन खोटी दिसते. लेन्सही जुळायला हवी: खालचं दृश्य १६ मिमीने आणि ढग २०० मिमीने घेतलेले असतील तर ढग डोंगरावर कोसळल्यासारखे वाटतात.

आणि तळं किंवा भातखाचर असेल तर पाणी विसरू नका. आभाळ खुलवलेलं असो की जोडलेलं, प्रतिबिंबात तेच दिसायला हवं आणि आभाळापेक्षा किंचित गडद असायला हवं, कारण पाणी सगळा उजेड परत देत नाही. आभाळाचा मास्क उणे ०.७ वर नेला आणि पाणी तसंच ठेवलं, की पाणी आभाळापेक्षा उजळ दिसायला लागतं. पाण्यासाठी वेगळा मास्क करून त्यावर आभाळाचेच आकडे द्या, एक्स्पोजर आणखी ०.२ ते ०.३ ने खाली घ्या आणि क्लॅरिटी शून्य करा.