एनएमएमएस विज्ञान : रोजच्या पाच प्रश्नांत मुलांना उत्तर नाही, पर्यायाचा नंबर पाठ झालाय

फळा_खडू (प्रश्न)

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आठवीत यंदा 19 मुलं आहेत, त्यातली 14 एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. आमच्याकडे एखादी मुलगी दहावीनंतर दहिवडीला कॉलेजला जाणार की घरी बसणार, हे कधीकधी एवढ्या रकमेवर ठरतं. म्हणून जीव तोडून तयारी चाललीय.

जुलैपासून परिपाठ झाला की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात विज्ञानाचे पाच बहुपर्यायी प्रश्न लिहिते. मुलं ते वहीत सोडवतात, पंधरा मिनिटांत तपासून होतं. या परीक्षेचा एक पेपर शालेय क्षमता चाचणीचा, त्याच्या 90 प्रश्नांपैकी 35 विज्ञानाचे, त्यामुळे हा भाग पक्का करायचाच असं ठरवलं होतं. सप्टेंबरपर्यंत बहुतेकांचे पाचपैकी चार-पाच बरोबर यायला लागले. मला फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात त्यातलेच 40 प्रश्न घेऊन सराव पेपर काढला, फक्त पर्यायांची जागा बदलली. निम्म्याहून जास्त मुलं 20 च्या आत आली. एक मुलगी पेपर हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, याचं उत्तर तीन नंबर होतं ना? इथं तीन नंबरला दुसरंच आलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

अजून एक. डेंग्यूचा कारक कोण, असं विचारलं तर 14 पैकी 11 जणांनी एडिस इजिप्ती डास लिहिला. डास वाहक आहे, कारक विषाणू. मी स्वतः दोनदा शिकवलंय हे. मुलांनी 'डेंग्यू' वाचलं, 'एडिस' दिसला, गोल रंगवला.

परीक्षा डिसेंबरात. हातात दोन महिनेही नाहीत. रोजचे पाच प्रश्न बंद करू, की पद्धत बदलू? ज्यांनी मुलं बसवली आहेत त्यांनी कृपया सांगा.

निवृत्त_गुरुजी

बाई, बंद करू नका. सवय लागलीय ती मोठी कमाई आहे. प्रश्न पाचच ठेवा, पण पाचही कालच्या धड्यावरचे नकोत. दोन चालू घटकावरचे, दोन मागच्या पंधरवड्यातले आणि एक सातवीचा. सातवीचा अभ्यासक्रमही परीक्षेला असतो आणि दिवाळीपर्यंत तो मुलांच्या डोक्यातून धुऊन गेलेला असतो.

आणि प्रश्न फिरवून विचारा. आज डेंग्यूचा कारक, चार दिवसांनी मलेरियाचा वाहक, आठवड्याने 'प्लास्मोडिअममुळे कोणता रोग होतो'. माहिती तीच, दार वेगळं. मी एक पथ्य पाळायचो. बरोबर उत्तर सांगणाऱ्या मुलाला लगेच खाली बसवायचं नाही. उरलेले तीन का चूक, हे त्यानं सांगायचं. वेळ जातो, पाचऐवजी तीनच प्रश्न होतात. होऊ द्या.

आटपाडीचा_मुलगा

मी ही शिष्यवृत्ती घेऊन शिकलो, आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलांच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

आमच्या सरांनी प्रश्नातल्या एका शब्दाखाली रेघ मारायला लावली होती. कारक, वाहक, असत्य, नाही, वेगळा घटक. रेघ मारल्याशिवाय पर्याय वाचायचेच नाहीत. सुरुवातीला कंटाळा यायचा. पण 'पुढीलपैकी असत्य विधान ओळखा' याला सत्य विधान निवडून मी आधी किती गुण घालवलेत, ते माझं मला माहीत.

दुसरं, 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. विज्ञानाचा साधा प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत सुटला, तरच गणिताच्या 20 प्रश्नांना वेळ उरतो. नकारात्मक गुण नाहीत, म्हणून गोल एकही रिकामा ठेवायचा नाही. पण पेनने रंगवलेला गोल मागे घेता येत नाही, ही सवय उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवरच होते, वहीत होत नाही.

येवला_विज्ञान

वेळेचं बरोबर आहे, पण ते नोव्हेंबरअखेर बघा. आत्तापासून घड्याळ लावलं तर कच्ची मुलं पुन्हा नंबरच पाठ करतील.

मी पर्याय फळ्यावर लिहीतच नाही. नुसता प्रश्न लिहिते. "पृथ्वीवर एका दगडाचं वस्तुमान 12 किलोग्रॅम आहे. चंद्रावर किती?" मुलं पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरतात. 2 किलोग्रॅम लिहिणारे निघतातच, कारण चंद्रावर सहावा हिस्सा एवढंच त्यांना आठवतं. सहावा हिस्सा होतं ते वजन, वस्तुमान 12 च राहतं. शून्य लिहिणारेही निघतात. ती चुकीची उत्तरं मी फळ्यावर घेते आणि तेच आमचे पर्याय. मार्गदर्शकातल्या पर्यायांपेक्षा हे चांगले, कारण आपल्या मुलांचं नेमकं कुठं अडतं ते दिसतं.

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस करून मग लिहितेय.

पाट्या नव्हत्या, जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून वापरली. येवल्याच्या ताईंचा दगड जसाच्या तसा घेतला. 14 पैकी 8 जणांनी 2 किलोग्रॅम लिहिलं. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं की दगडाचा बाकीचा 10 किलो भाग वाटेत कुठं पडला. वर्ग एकदम गप्प. मग वस्तुमान आणि वजन पुन्हा पहिल्यापासून घेतलं, किलोग्रॅम आणि न्यूटन शेजारी शेजारी लिहून.

गुरुजी, 'तीन का चूक' यात खरंच वेळ जातो. रोज तीनच प्रश्न होतात. आधी हात कापायचा की अभ्यासक्रम मागे पडेल, आता ती भीती गेली.

आणि काल 'तीन नंबर'वाल्या मुलीनं स्वतः प्रश्न तयार करून आणला. चंद्रावर नेल्यावर काय बदलेल : वस्तुमान, वजन, दोन्ही, की काहीच नाही? आधी 2 किलोग्रॅम लिहिणाऱ्यांतला एक मुलगा, ज्याचे वडील मेंढरं घेऊन बाहेर असतात, तोच पहिल्यांदा उठला. "वजन. मेंढरू चंद्रावर नेलं तरी मेंढरू तेवढंच, त्याला ओढणारं कमी झालं."

सातवीचं स्थितिक विद्युत सोमवारपासून घेतेय. तुमच्या मुलांनी त्यात दिलेली चुकीची उत्तरं आठवत असतील तर इथं लिहा, मला पर्यायांना हवी आहेत.